वास गोड, तलफ तीच

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



शेतातून येऊन हातपाय धुऊन बसलेल्या, चुलीपुढे भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, आणि गटाच्या बैठकीत मधोमध रेडिओ ठेवून बसलेल्या, सगळ्यांना माझा नमस्कार. मी आपल्या भागातल्या बचत गटांची समन्वयक. एरवी मी तुमच्याशी बोलते ते हप्ते, इतिवृत्त, बँकेचं कर्ज याबद्दल. आज माझ्या घरातली गोष्ट सांगणार आहे. ज्याची गोष्ट आहे त्या माझ्या धाकट्या भावाला विचारून आले आहे. तो म्हणाला, "सांग ताई, पण नाव नको घेऊ." म्हणून नाव घेत नाही.

भाऊ तेवीस वर्षांचा. आयटीआय करून पुण्याकडे एमआयडीसीत कामाला लागला. एका खोलीत पाच पोरं, रात्रपाळी, बाहेरचं खाणं. तिथे सिगारेट लागली. घरी कळलं तेव्हा आईने रडून घेतलं, मी भाषण दिलं, त्याने मान खाली घालून ऐकलं. झालं. पुढच्या दिवाळीला तो आला तेव्हा आई त्याचे कपडे धुवायला काढत होती. खिशात एक पाकीट सापडलं. आत तपकिरी रंगाच्या बारीक कांड्या, उदबत्तीपेक्षा जाड, सिगारेटएवढ्याच. आईने हुंगून बघितलं आणि मला हाक मारली, "अगं, हे काय आहे बघ. वास तर आइस्क्रीमसारखा येतोय."

भावाला विचारलं. तो म्हणाला, "सिगारेट नाही ती. छोटा सिगार आहे. व्हॅनिलाचा. सिगारेट कमी केलीय मी, हा हलका असतो. घशाला लागत नाही, तोंडाला घाण वास येत नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. घरात बीए झालेली मी एकटी. गावात कुणाला औषधाच्या पुडीवरचं वाचायचं असलं तरी माझ्याकडे येतात. आणि मी काय बोलले? मी म्हणाले, "असू दे आई, निदान सिगारेट तरी सुटतेय." आईने देवापुढे साखर ठेवली.

मैत्रिणींनो, ते माझं वाक्य चुकीचं होतं. आजचं सगळं बोलणं त्या एका वाक्याची दुरुस्ती आहे असं समजा.

राखीला तो परत आला. पहाटे पाचला उठून गोठ्यामागे गेला. चहा नाही, तोंड धुणं नाही, आधी तिकडे. मी मागोमाग गेले. हातात तपकिरी कांडी होती. अर्ध्या तासाने परत गेला, तेव्हा पांढरी होती. खोकत होता. म्हणजे एक सुटून दुसरी लागली नव्हती. एकीवर दुसरी चढली होती. सिगारेट होती तेवढीच होती, वर हा गोड सिगार.

त्या आठवड्यात आमच्या गटाचं आरोग्य शिबिर होतं. शिबिर उरकल्यावर मी डॉक्टरांना गाठलं आणि सगळं विचारलं. नंतर मिळेल ते वाचून काढलं. जे कळलं ते आपल्या भाषेत सांगते.

तंबाखूत निकोटिन नावाचा पदार्थ असतो. धूर छातीत ओढला की दहा-वीस सेकंदांत हे निकोटिन मेंदूत पोचतं. तिथे गेल्यावर बरं वाटायला लावणारा एक रस सुटतो. थकलेल्या माणसाला तरतरी आल्यासारखं वाटतं. पण साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं निकोटिन उतरतं. मग चिडचिड, बेचैनी, कामात लक्ष नाही. पुन्हा एक ओढली की ती बेचैनी जाते. ओढणाऱ्याला वाटतं, सिगारेटने मला शांत केलं. खरं म्हणजे ती बेचैनी मागच्या सिगारेटनेच आणलेली असते. सावकाराचं व्याज फेडायला त्याच सावकाराकडून पुन्हा पैसे काढावेत, तसं हे. आपण बचत गट कशासाठी काढले ते आठवा, म्हणजे हे लगेच समजेल.

आणि वय महत्त्वाचं आहे. माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या वयात निकोटिनची सवय लागली तर ती घट्ट बसते. चाळिशीत सुरुवात करणारे फार थोडे. जे आयुष्यभर ओढतात त्यातल्या बहुतेकांनी मिसरूड फुटायच्या वयात पहिला झुरका घेतलेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, निकोटिन तर साध्या सिगारेटमध्येही आहे, मग गोड वासाचं काय एवढं? तेच तर मला माहीत नव्हतं.

पहिली गोष्ट. आपण कुणीही पहिल्यांदा धूर ओढला तर ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, उलटीसारखं होतं. हा देवाने दिलेला पहारेकरी आहे. शरीर सांगतं की हे आत घेऊ नकोस. व्हॅनिला, चेरी, द्राक्ष, चॉकलेट असा स्वाद घातला की कडूपणा झाकला जातो. पुदिन्याचा थंडावा घातला की घसा बधिर होतो आणि ठसका कमी लागतो. म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपवलं. मग पोरगा झुरका जास्त खोल घेतो, जास्त वेळ आत ठेवतो. हलकं वाटतं, पण आत जातं ते हलकं नसतं.

दुसरी गोष्ट. वास आठवणीत राहतो. पावसाचा पहिला वास आला की माहेर आठवतं ना? तसंच मेंदू त्या गोड वासाची आणि निकोटिनच्या तरतरीची गाठ मारून ठेवतो. नंतर नुसता तो वास आला, नुसतं पाकीट दिसलं, तरी तलफ येते. साध्या तंबाखूला एक दोरी असते, इथे दोन दोऱ्या होतात.

तिसरी गोष्ट. घरच्यांना पत्ता लागत नाही. आईच्या नाकाला आइस्क्रीमचा वास आला आणि ती फसली. मी तर नाकाला काही न येता फसले.

एखादी वस्तू किती चटक लावते हे शास्त्रज्ञ कसं मोजतात, तेही मी वाचलं. ओढणाऱ्याला विचारतात की किती आवडलं, पुन्हा ओढावंसं किती वाटतं, आणि भाव वाढवत नेला तर तू किती विकत घेशील. हे तिसरं मला फार पटलं. आपणही गटात तेच बघतो. बाई म्हणते मला म्हैस घ्यायचीच आहे, पण ती त्यासाठी किती हप्ता भरायला तयार आहे त्यावरून तिची गरज कळते. फरक एवढाच की म्हैस दूध देते.

हे छोटे सिगार मूळचे आपल्याकडचे नाहीत. आपल्याकडे जुन्या लोकांना चिरूट माहीत आहे, जाडजूड, उग्र. तो काही कॉलेजची पोरं ओढत नव्हती. छोट्या सिगारची गोष्ट अमेरिकेत घडली, आणि ती ऐकण्यासारखी आहे, कारण आपल्या गुटख्याची गोष्ट अगदी तशीच आहे.

अमेरिकेत २००९ साली तंबाखूचा मोठा कायदा झाला. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून फळांच्या, मिठाईच्या, लवंगेच्या स्वादाच्या सिगारेटी विकायला बंदी आली. फक्त पुदिन्याच्या स्वादाची सिगारेट राहिली. सरकारचा हेतू हा की मुलांना ओढणारा गोडवा काढून टाकायचा. पण कायद्यात शब्द होता सिगारेट. सिगारेट म्हणजे तंबाखू कागदात गुंडाळलेली. सिगार म्हणजे तंबाखू तंबाखूच्याच पानात, नाही तर तंबाखू मिसळलेल्या कागदात गुंडाळलेली. मग बाजारात काय वाढलं? सिगारेटच्याच मापाचे छोटे सिगार. तसंच फिल्टर, तशाच वीस कांड्या पाकिटात, फक्त कागद तपकिरी. आणि स्वाद सगळे तेच, चेरी, द्राक्ष, व्हॅनिला. शेवटी २०१६ च्या डिसेंबरात तिथल्या सरकारी खात्याने चार कंपन्यांना लेखी ताकीद दिली की तुम्ही सिगार म्हणून विकताय त्या खरं तर स्वादाच्या सिगारेटीच आहेत.

करातही तीच पळवाट. छोट्या सिगारवर सिगारेटएवढा कर बसवला, तर काहींनी सिगारचं वजन थोडं वाढवलं, म्हणजे तो मोठा सिगार ठरला आणि कर कमी झाला.

तिथे मोठ्या पाहणीत मुलांना विचारलं गेलं. २०१३-१४ ची गोष्ट. बारा ते सतरा वर्षांच्या ज्या मुलांनी कधी ना कधी तंबाखू घेतली होती, त्यांतल्या दर दहांपैकी आठ जणांची पहिली तंबाखू स्वादाची होती. साधी नाही, स्वादाची. म्हणजे दार कुठलं ते कळलं.

काही राज्यांनी मग स्वतःहून दार बंद केलं. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२० पासून, कॅलिफोर्नियाने २०२२ च्या शेवटी. कॅलिफोर्नियात तर लोकांनी मतदान करून कायदा राखला. पण सगळ्या देशासाठी स्वादाच्या सिगारवर बंदी घालायचा प्रस्ताव २०२२ साली आला आणि २०२५ च्या जानेवारीत तो मागे घेतला गेला. म्हणजे तिकडेही हे भांडण मिटलेलं नाही.

आता आपल्याकडे बघा. महाराष्ट्राने २०१२ च्या जुलैत गुटख्यावर बंदी घातली. तंबाखू मिसळलेला गुटखा बंद. मग काय आलं? दोन पुड्या. एकीत सुगंधी सुपारी मसाला, दुसरीत तंबाखू. टपरीवाला दोन्ही एकदम हातात देतो, गिऱ्हाईक तोंडात मिसळतं. तिकडे कागदाचा रंग बदलला, इकडे एका पुडीच्या दोन झाल्या. पुढे आपल्या राज्याने सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीवरही बंदी आणली. कुठे कुठे मिळते ते मी सांगायला नको, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

आणि पोरांच्या सिगारेटी बघितल्यात का? फिल्टरमध्ये छोटी गोळी असते. दातांत नाही तर बोटांत दाबली की टच आवाज होतो आणि पुदिन्याचा, पानाचा नाही तर कसला तरी वास सुटतो. पोरांना त्याची गंमत वाटते. बाहेरून आणलेले गोड सिगारही शहरातल्या टपऱ्यांवर मिळतात. गावात आले नसले तरी गावची पोरं शहरात आहेत, आणि सणाला ती घरी येतात.

मैत्रिणींनो, आता एक अवघड गोष्ट सांगते. राखीच्या त्या दिवशी मी भावाला गोठ्यामागे रागावले. आईही आली. आई म्हणाली, "सकाळी उठल्या उठल्या कसली रे ही घाण?" भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आई, तू उठल्या उठल्या काय करतेस?"

आई काहीच बोलली नाही. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला मिश्री लागलेली होती.

माझी आई गेली तीस वर्षं मिश्री लावते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका, मग कुटून डबीत भरायची. लहानपणी मला तो वास म्हणजे आईचा वास वाटायचा. ती म्हणते, मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, दाढ दुखते. तुमच्यातल्या किती जणी आत्ता मनात म्हणाल्या, आमचंही तसंच आहे? लाजू नका. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यात शंभरातली सव्वीस-सत्तावीस मोठी माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं आढळलं, आणि त्यांतली बहुतेक न ओढता घेणारी आहेत. ओढणारे शंभरात चारच्या आसपास. म्हणजे आपल्या राज्याचं मोठं दुखणं तोंडातल्या तंबाखूचं आहे, आणि त्यात आपण बायका आहोत.

डॉक्टर व्यसन किती घट्ट आहे ते एका साध्या प्रश्नाने ओळखतात. उठल्यावर पहिली कधी लागते? पाच मिनिटांच्या आत लागत असेल तर गाठ फार घट्ट. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तरी घट्टच. भावाचं उत्तर पाच मिनिटं. आईचं उत्तरही पाच मिनिटं. पोट साफ न होणं, हे बरंचसं निकोटिन उतरल्यामुळे असतं. मिश्रीने दाढ बरी होत नाही, बधिर होते. हिरड्या मात्र आतून खराब होत राहतात.

तंबाखूला चुना का लावतात, याचाही उलगडा मला तेव्हा झाला. चुन्यामुळे निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतून भराभर रक्तात शिरतं. सिगारच्या धुरातही हा गुण काही प्रमाणात असतो. धूर नुसता तोंडात धरला तरी निकोटिन भिनतं. आणि जो आधीपासून सिगारेट ओढतो तो सवयीने सिगारही छातीत ओढतो. म्हणून सिगारेट ओढणाऱ्याने सिगार धरला तर त्याचं दोन्हीकडून नुकसान. "हलका" हा शब्द तिथे बसत नाही.

गरोदर सुनांना आणि लेकींना एवढं नक्की सांगा. तंबाखू ओढलेली असो की मिश्री लावलेली, बाळाचं वजन कमी भरतं. डोहाळ्यांत मिश्री हवीशी वाटते म्हणून सासू स्वतःहून डबी पुढे करते, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

मग करायचं काय? आम्ही घरात काय केलं ते सांगते, चुकांसकट.

पहिली चूक, रागावणं. रागावल्यावर भाऊ लपवायला शिकला, बाकी काही नाही. दुसरी चूक, शपथ घालणं. आईने शपथ घातली, त्याने मोडली, मग दोघांच्याही मनाला लागलं. शपथ मोडली की माणूस म्हणतो, आता मोडलीच आहे तर ओढूच.

मग मी वहीत हिशोब मांडला. तो काही रागवायला नाही, नुसता दाखवायला. त्याच्या दोन्ही मिळून रोजच्या ऐंशी रुपयांच्या कांड्या होत होत्या. महिन्याचे २,४०० रुपये. वर्षाचे २८,८०० रुपये. मग शेजारी आमच्या गटाची बचत लिहिली. बारा बायका, प्रत्येकी महिना दोनशे. महिन्याचे २,४०० रुपये. वर्षाचे २८,८०० रुपये. मी दोनदा आकडे तपासले. बारा बायका घरखर्चातून वाचवून, अंडी विकून, शिवण करून वर्षभरात जेवढं जमवतात, तेवढं एक पोरगा वर्षाला जाळत होता. भावाने वही हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि मिटून ठेवली. त्या दिवशी तो पहिल्यांदा म्हणाला, "ताई, सोडायचंय. जमत नाही."

जमत नाही हे खरं आहे, हे आधी मान्य करा. तो मनाचा कच्चा आहे म्हणून नाही. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. डोकं दुखतं, झोप येत नाही, माणूस खेकसतो. पुढचे दोन ते चार आठवडे हळूहळू कमी होत जातं. एकेक तलफ मात्र थोडीच मिनिटं टिकते. तेवढी काढायची. आमच्या घरी त्यासाठी बडीशेप, लवंग आणि पाण्याचा तांब्या ठेवला. सुगंधी सुपारी ठेवू नका हं. ती गोड दिसते, पण सुपारी स्वतःच कॅन्सर करते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं.

एक नंबर लिहून घ्या. १८००-११-२३५६. पुन्हा सांगते, अठराशे, अकरा, तेवीस, छप्पन्न. तंबाखू सोडायला मदत करणारी ही सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. तंबाखूच्या पाकिटावरही हा नंबर छापलेला असतो. पाकिटाचा तेवढाच एक उपयोग. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्याचं केंद्र असतं. निकोटिनची चघळायची गोळी मिळते, पण किती आणि कशी घ्यायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवतील.

आणि घरी तोंड बघा. आरशापुढे तोंड उघडून आपली तीन बोटं उभी आत जातात का? गालाच्या आत पांढरा नाही तर लाल चट्टा आहे का? दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम आहे का? असं काही असेल तर ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांना दाखवा. घाबरून घरी बसू नका. वेळेवर दाखवलं तर उपाय सोपा असतो.

सोडल्याचा फायदाही लवकर दिसतो, हे पोरांना सांगा. वीस मिनिटांत नाडीची धडधड कमी होते. बारा तासांत रक्तातला विषारी वायू उतरतो. एक वर्ष काढलं तर हृदयाच्या झटक्याचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो.

आता शेवटचा विषय, आणि तो आपल्या गटांचा आहे. आमच्या एका गटातल्या वहिनींनी गटाच्या कर्जावर शाळेच्या रस्त्याला दुकान टाकलं. साबण, चहा, बिस्किटं, आणि काउंटरवर सुट्या सिगारेटी, पुड्या. मी बैठकीत विषय काढला. वहिनी चिडल्या. म्हणाल्या, "तंबाखूला आलेला माणूस साबण पण घेऊन जातो. मी ठेवलं नाही तर तो समोरच्या टपरीवर जाईल. हप्ता तुम्ही भरणार आहात का?"

त्यांचं चुकत नव्हतं. हप्त्याचा प्रश्न खरा होता. पण कायदाही खरा आहे. शाळेपासून शंभर यार्डांत, म्हणजे साधारण नव्वद मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला विकणं गुन्हा आहे, लहान मुलाला दिलं तर बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या राज्यात २०२० पासून सुट्या सिगारेटी-बिड्या विकायलाही बंदी आहे. सुटी कांडी पोराच्या खिशाला परवडते, म्हणूनच ती बंद केली. आणि ज्या कर्जावर आम्ही बाराजणींनी सह्या केल्या, त्या पैशातून आमच्याच पोरांना कांडी मिळत होती, हेही खरं होतं.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. पुढच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "आपण बाराजणी महिन्याचा किराणा कुठून आणतो? तालुक्यातून. तो वहिनींकडून घेऊ." दुसरीने सुचवलं, तीन महिने हप्ता निम्मा करू. ठराव लिहिला, सह्या झाल्या, वहिनींनी काउंटर मोकळा केला. पहिल्या महिन्यात विक्री पडली. वहिनींनी मला रस्त्यात गाठून दोन शब्द ऐकवले, मी ऐकून घेतले. आता विक्री पहिल्यासारखी झाली असं मी म्हणणार नाही, पण दुकान चालू आहे आणि हप्ता पुरा सुरू झाला आहे. तुमच्या गटाने कर्ज देताना दुकानात काय विकणार, हा एक प्रश्न अर्जात घाला. एवढंच मागणं आहे.

माझ्या घरचं विचाराल तर, भावाने सुटीत दिवस ठरवून सोडली, नवव्या दिवशी मित्राच्या लग्नात पुन्हा ओढली. या वेळी आम्ही कुणी रागावलो नाही. त्याने हेल्पलाइनला फोन केला, पुन्हा दिवस ठरवला. आज एक्केचाळिसावा दिवस आहे. तपकिरी पाकीट त्याने आधी टाकलं, पांढरं नंतर. तो म्हणतो, गोड वाली सोडणं जास्त जड गेलं, अजून बेकरीवरून जाताना वास आला की हात खिशाकडे जातो.

आणि आई? आईने दुपारची आणि रात्रीची मिश्री सोडली. सकाळची अजून आहे. डबी तिने माझ्याकडे दिली आहे, रोज सकाळी मागून घेते. मागताना तिला लाज वाटते, देताना मला. परवा ती म्हणाली, "पोराचे पन्नास दिवस झाले की माझी सकाळची बंद." मी तारीख भिंतीवर लिहून ठेवली आहे.

तुमच्या घरात असा गोड वास आला, तर माझ्यासारखं "निदान सिगारेट तरी सुटली" असं म्हणू नका. जवळ बसा आणि विचारा, उठल्यावर पहिली कधी लागते रे? आणि आपल्या बोटाला काही लागलं असेल, तर आधी ते धुऊन या.

येते मी. नमस्कार.